खोटे संकेतस्थळ कसे ओळखावे : सभासदांसाठी माहिती

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांत वीजबिल, गॅस, विमा, आयकर, रेल्वेची तिकिटे आणि यात्रेच्या ठिकाणच्या खोल्या ही सगळी कामे आता मोबाइलवरच होतात. ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत, अशा घरांत ही कामे साठी-सत्तरीतली मंडळी एकटीच करतात. रांगेत उभे राहायला लागत नाही, ही सोय मोठीच आहे. पण बँकेसारखी, सरकारी कार्यालयासारखी किंवा देवस्थानासारखी हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळेही तितकीच वाढली आहेत. ती कशी ओळखायची आणि फसगत झाली तर पहिल्या तासाभरात काय करायचे, याची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

एक सूचना : या लेखात संकेतस्थळांचे पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत करायचे आहेत.

१. दिसण्यावर जाऊ नये

बँकेत चेक पास करताना अक्षर किती वळणदार आहे हे कोणी बघत नाही. तारीख, अंकी आणि अक्षरी रक्कम आणि नमुना सही या गोष्टी जुळतात का, एवढेच बघितले जाते. संकेतस्थळाच्या बाबतीतही हीच सवय लावून घ्यावी. बोधचिन्ह, रंग, इमारतीचे फोटो, अशोकस्तंभाचे चित्र हे सारे खऱ्या पानावरून उचलून दुसरीकडे चिकटवायला काही मिनिटे पुरतात. म्हणून पानाचे रूप हा कोणताच पुरावा नव्हे.

पूर्वी खोट्या पानावरची भाषा अशुद्ध असे आणि त्यावरून संशय येत असे. आता संगणकच शुद्ध मराठी, गुजराती, हिंदी लिहून देतो. चुका दिसल्या तर संशय जरूर घ्यावा, पण चुका नाहीत म्हणून विश्वास ठेवू नये.

पत्त्याशेजारच्या कुलपाबद्दलही मोठा गैरसमज आहे. कुलूप किंवा पत्त्याच्या सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ एवढेच सांगते, की तुमचा मोबाइल आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली माहिती वाटेत तिसऱ्याला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसले आहे, हे ते सांगत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज कोणालाही फुकट मिळते, ठगांनाही मिळते. लोक कुलपाचा अर्थ चुकीचा घेतात हे लक्षात आल्यामुळे गुगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

२. पत्ता शेवटाकडून वाचावा

नकलेत ठगाला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे खरा पत्ता वापरणे. एक पत्ता एका वेळी एकाच्याच नावावर नोंदलेला असतो. म्हणून पत्ता वाचायला शिकणे हीच मुख्य गोष्ट आहे.

सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकेरी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. पाकिटावरचा पत्ता आठवा. ‘दांडिया बाजार, बडोदे, सुरत’ असे लिहिले तर टपाल सुरतेलाच जाईल. आधी बडोदे लिहिले होते याला अर्थ नाही. इथेही शेवटचा भाग महत्त्वाचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ हा स्टेट बँकेचा पत्ता आहे. पण ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट खातेतपासणी डॉट कॉम’ हा पत्ता स्टेट बँकेचा नव्हे. तो ‘खातेतपासणी डॉट कॉम’ या नावाच्या मालकाचा आहे. त्याने पुढे काय जोडावे, यावर कोणाचे बंधन नाही.

शेवट ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ओआरजी’ असेल तर त्याच्या आधीचा शब्द मालकाचा. शेवट ‘डॉट को डॉट इन’, ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट बँक डॉट इन’ असा जोडशेवट असेल तर त्याच्याही आधीचा शब्द मालकाचा.

याखेरीज तीन खोड्या नेहमी आढळतात.

पहिली आडव्या रेघेची. ‘आयकर डॉट जीओव्ही डॉट इन’ आणि ‘आयकर-जीओव्ही डॉट इन’ यांत फरक एका खुणेचा दिसतो. पण पहिला शेवट सरकारी आहे, तर दुसरे नाव कोणीही विकत घेऊ शकतो.

दुसरी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. रोमन लिपीतले लहान ‘आर’ आणि ‘एन’ जवळ आले की ‘एम’ वाटतो. ‘ओ’च्या जागी शून्य, ‘एल’च्या जागी एकचा आकडा किंवा मोठा ‘आय’ घातलेला असतो. रशियन लिपीतली काही अक्षरे तर रोमन अक्षरांसारखीच दिसतात आणि डोळ्यांना फरक कळतच नाही. म्हणून संदेशात आलेला पत्ता तपासत बसण्यापेक्षा आपल्याला माहीत असलेला पत्ता स्वतः टाइप करणे केव्हाही चांगले.

तिसरी मोबाइलच्या अरुंद पडद्याची. लांब पत्ता तिथे पूर्ण दिसत नाही. वरच्या पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण उघडावा. क्यूआर कोड हीसुद्धा एक लिंकच असते. स्कॅन केल्यावर कोणता पत्ता उघडला, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक उपयोगी खूण आहे. बँकेव्यतिरिक्तच्या खात्यांचे पासवर्ड ज्यांनी ब्राउझरमध्ये साठवले आहेत, त्यांना तो नेहमीच्या पानावर आपोआप भरलेला दिसतो. एखाद्या दिवशी ‘त्याच’ पानावर तो भरला गेला नाही तर थांबावे. माणूस रूप बघून फसतो, ब्राउझर फक्त पत्ता बघतो. याउलट ‘आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका, स्वीकारला तर पान खोटे’ हा सल्ला सांगोवांगी फिरतो, त्यावर विसंबू नये. काही खोटी पाने आपण भरलेली माहिती त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या पानावर टाकून बघतात आणि चुकीचा पासवर्ड नाकारतातही.

३. बँकांचे नवे पत्ते

बँकांचे पत्ते पूर्वी ‘डॉट कॉम’, ‘डॉट को डॉट इन’, ‘डॉट इन’ असे नाना प्रकारचे होते. त्यामुळे ग्राहकाने कोणता खरा मानावा, हा प्रश्नच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट जाहीर केला. त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली संस्था करते आणि बँक नसलेल्या कोणालाही तो शेवट मिळत नाही. सहकारी बँकांसह सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नव्या पत्त्यावर जाण्यास सांगण्यात आले होते.

ग्राहकाच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत उपयोगी बदल आहे. आपल्या बँकेचा नवा पत्ता शाखेत विचारून घ्यावा आणि नेट बँकिंगसाठी तोच वापरावा. ‘बँक डॉट इन’ हे शब्द पत्त्यात कुठेतरी असून चालत नाही. ते पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी, म्हणजे शेवटीच असले पाहिजेत.

४. सरकारी कामे

‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी खात्यांना मिळतो. आयकर विवरणपत्र, पासपोर्ट, वाहनाचा दंड, जीएसटी या सर्वांचे खरे पत्ते याच शेवटाचे आहेत. पासपोर्टच्या बाबतीत तर सारख्या नावाची खोटी संकेतस्थळे इतकी झाली, की परराष्ट्र मंत्रालयाला आपल्या पानावर त्यांची नावे देऊन लोकांना सावध करावे लागले.

यांतली काही संकेतस्थळे पैसे घेऊन गायब होतात. काही मात्र अर्ज भरूनही देतात, पण सरकारी फीच्या कितीतरी पट रक्कम ‘सेवाशुल्क’ म्हणून उकळतात आणि वर आधार, पॅन, जन्मदाखला यांच्या प्रती स्वतःकडे ठेवतात. काम झाले म्हणून लोक तक्रार करत नाहीत. पण ती कागदपत्रे पुढे कोणाच्या हाती जातील, हे सांगता येत नाही.

वाहनाच्या दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल येते. ती उघडू नये. ते मोबाइलमध्ये घुसणारे ॲप असते आणि तुमचे संदेश, म्हणजे ओटीपीही, ते वाचू शकते. सरकार दंडाची पावती अशा फाइलने पाठवत नाही.

५. यात्रेच्या खोल्या आणि हेलिकॉप्टरची तिकिटे

आपल्या सभासदांना सर्वांत जास्त धोका इथे आहे. सुट्या लागल्या की सोमनाथ, द्वारका, शिर्डी, चारधाम यांची आखणी सुरू होते. गर्दीच्या दिवसांत खोली मिळत नसते, आणि नेमकी त्याच वेळी ‘फक्त दोन खोल्या शिल्लक’ म्हणणारे पान समोर येते.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने याच प्रकाराबद्दल देशभर सावधगिरीची सूचना दिली होती. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामच्या यात्रेकरूंसाठी निवास, सोमनाथसह इतर ठिकाणची अतिथिगृहे यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरची खोटी पाने आणि व्हॉट्सॲप खाती चालवली जात असल्याचे तिच्यात म्हटले होते.

पद्धत ठरलेली असते. गुगलवर शोधले की सर्वांत वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेली जाहिरात येते. ती पैसे देऊन लावलेली असते. वर आहे म्हणून खरी, असे नसते. आत खऱ्या भक्तनिवासाचे फोटो असतात. पैसे भरायची सोय पानावर नसते, फक्त एक मोबाइल क्रमांक असतो. फोन उचलणारा अतिशय आदराने बोलतो, ‘जय सोमनाथ’ म्हणतो आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवतो. आगाऊ रक्कम भरली की ‘परत मिळणारी अनामत’ मागितली जाते, मग ‘जीएसटी’, मग ‘चुकून जास्त आली, परत देतो, आधी एवढी भरा’. पावतीही येते, शिक्क्यासह. खोली मात्र नसते, आणि हे कळते ते कुटुंब सामानासकट दारात उभे राहिल्यावर.

यावर तपासण्या अशा :

(अ) केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटे ‘हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’ या एकाच पत्त्यावर मिळतात. शिवाय त्यासाठी आधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी करून तिचा क्रमांक द्यावा लागतो. नोंदणी क्रमांक न विचारता तिकीट देऊ करणारा खोटा, असे खुशाल समजावे.

(आ) सोमनाथ ट्रस्टच्या अतिथिगृहांसाठी ‘सोमनाथ डॉट ओआरजी’ हा पत्ता आहे. इथे एक लक्षात घ्यावे. ‘ओआरजी’ शेवट म्हणजे नोंदणीकृत संस्था, असे मुळीच नाही. तो कोणीही घेऊ शकतो. देवस्थानांच्या पत्त्याला बँकांसारखा राखीव शेवट नाही. म्हणून खरा पत्ता मागच्या यात्रेच्या छापील पावतीवरून, देवस्थानाच्या कार्यालयातून किंवा आधी जाऊन आलेल्या सभासदाकडून घ्यावा. गुगलवरचा फोन क्रमांक पुरावा धरू नये.

(इ) पत्ता कधी नोंदला गेला, हे ‘हूइज’ नावाच्या फुकट शोधसेवेत कळते. तिथे पत्ता टाकला की नोंदणीची तारीख दिसते. देवस्थान जुने आणि पत्ता मागच्या महिन्यातला, असे आढळले तर पुढे जाऊ नये. पत्ता जुना असला म्हणजे खराच, असा उलटा अर्थ मात्र काढू नये.

६. पैसे कोणाच्या नावावर जातात ते पाहावे

पत्त्यानंतरची दुसरी भक्कम तपासणी म्हणजे पैसे घेणाऱ्याचे नाव. यूपीआयचा पिन टाकण्याआधी पडद्यावर नाव येते. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठीही खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०२५ पासून सुरू झाली आहे. ट्रस्टच्या खोलीचे पैसे कोणा व्यक्तीच्या बचत खात्यात जात नाहीत. ‘ते आमच्या मॅनेजरचे खाते आहे’, ‘ट्रस्टचे खाते ऑडिटसाठी बंद आहे’ अशी कारणे ऐकू आली की व्यवहार तिथेच थांबवावा.

दुकान किंवा हॉटेल असेल तर जीएसटी क्रमांक पाहावा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे : गुजरात २४, मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, तेलंगण ३६. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमधले चौथे, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर मालकाचा प्रकार सांगते : ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘सी’ कंपनी, ‘एफ’ भागीदारी संस्था, ‘टी’ ट्रस्ट. स्वतःला ट्रस्ट म्हणवणाऱ्याच्या क्रमांकात सहावे अक्षर ‘पी’ असेल तर काय समजायचे ते उघड आहे. ठग दुसऱ्याचा खरा क्रमांकही छापतात. म्हणून तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव आणि गाव जुळते का, हेही बघावे.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. ‘परतावा देतो, पिन टाका’ म्हणणारा आपलेच पैसे काढून घेत असतो.

७. खरी, पण भरवशाची नसलेली दुकाने

काही संकेतस्थळे खोटी नसतात, पण सरळही नसतात. आपण न निवडलेला विमा किंवा देणगी बिलात घुसवणे, खोटी घाई निर्माण करणे, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणे, सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड ठेवणे, अशा तेरा फसव्या युक्त्या केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी दिल्या आहेत.

ऑनलाइन दुकानांसाठी २०२० चे नियमही आहेत. विक्रेत्या संस्थेने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क पानावर दिले पाहिजेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. ज्या दुकानाच्या पानावर यातले काहीच सापडत नाही, तिथे आगाऊ पैसे भरू नयेत. ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

गुंतवणुकीच्या संकेतस्थळांबाबत एकच सांगतो. तिथे पडद्यावर वाढत जाणारा आकडा म्हणजे पासबुकातली नोंद नव्हे. तो कोणीही लिहू शकतो. सुरुवातीला थोडी रक्कम परत देऊन विश्वास बसवला जातो आणि मोठी रक्कम काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ म्हणतात. पैसे भरण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासावी. सेबीकडे नोंदणी असलेल्या दलालांच्या आणि म्युच्युअल फंडांच्या यूपीआय पत्त्यांत ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो आणि ‘सेबी चेक’ या सेवेवर तो पत्ता तपासता येतो.

८. माहिती भरून झाली असेल तर

इथे वेळेला फार महत्त्व आहे, आणि त्यामागे एक नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कारणाने पैसे गेले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. खोट्या पानावर आपण माहिती स्वतःच्या हाताने भरलेली असते. म्हणून ‘बँक भरून देईल’ या भरवशावर राहू नये आणि कळवायला एक मिनिटही दवडू नये.

क्रम असा ठेवावा :

१. १९३० ला फोन करावा. हा राष्ट्रीय सायबर तक्रार क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरत असताना वाटेतल्या बँकांना ते अडवायला सांगण्याची व्यवस्था त्यामागे आहे. पैसे एटीएममधून निघाले की ती निरुपयोगी होते.

२. लगेच बँकेला कळवून कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग बंद करावे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. बँकेचा फोन क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो; तो गुगलवर शोधू नये.

३. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ वर लेखी तक्रार नोंदवावी. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, खोट्या संकेतस्थळाचा पत्ता आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडावेत. रागाच्या भरात व्हॉट्सॲपवरचे संभाषण पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो.

४. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ वर तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

५. ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. फसलेल्यांची यादी विकली जाते आणि दुसरा ठग त्यांनाच गाठतो.

शाखेत काम करताना हे वारंवार दिसले, की बरेचसे ग्राहक दोन-तीन दिवसांनी येत. ‘मुलगा काय म्हणेल’, ‘सून हसेल’, या संकोचात महत्त्वाचे तास निघून गेलेले असत. यात लाजण्यासारखे काही नाही. शिकलेली, हिशेबाला पक्की असलेली माणसेही फसतात. मुलांनाही विनंती, की आईवडिलांचा असा फोन आला तर आधी १९३० लावून द्यावा. कसे झाले, कोणाचे चुकले, हे नंतर विचारता येते.

९. डायरीत लिहून ठेवायचे पत्ते

टेलिफोनजवळ क्रमांकांची डायरी ठेवायची पद्धत आपल्या घरांत होती. तीच पुन्हा सुरू करावी. एका पानावर आपल्या बँकेचा ‘डॉट बँक डॉट इन’ पत्ता, वीज आणि गॅस कंपनीचे पत्ते बिलावरून, विमा कंपनीचा पॉलिसीवरून, आयकर आणि पासपोर्टचे सरकारी पत्ते, नेहमीच्या देवस्थानांचे पत्ते पावतीवरून आणि १९३० हा क्रमांक, असे सगळे रोमन अक्षरांत ठळक लिहावे. पत्ते एकदा घरातल्या जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्यावेत. त्यानंतर कोणताही संदेश येवो, लिंकवर बोट न ठेवता डायरीतला पत्ता टाइप करावा. संदेश खरा असेल तर तेच काम त्या पानावरही दिसेल.